भिंतीआडून चालणारा रिमोट

अहो,

माशांचं हुमण गॅसवर आहे, गरम करून घ्या. पाव डब्यात आहेत. मी इब्रामपूरला आईकडे जाते.

आज तुम्ही ट्रक घेऊन खाणीवर गेल्यावर मी तुमच्या उशीची खोळ धुवायला काढली. आत दुसरा रिमोट सापडला. तिथूनच बटण दाबलं, तर बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

डिचोलीच्या दुकानात दोन तऱ्हेचे रिमोट होते. एक टीव्हीसमोर धरला तरच चालणारा, दुसरा रेडिओलहरींचा, भिंतीआडूनही चालणारा. तुम्ही म्हणालात, "हाच घेऊया, अनुसया. तुला रांधतानाही चॅनेल बदलता येईल." केवढं बरं वाटलं होतं मला.

मग मालिका ऐन रंगात आली की टीव्ही बंद पडायचा आणि तुम्ही आतून ओरडायचात, "परत काय दाबलंस?" शेजारच्या वर्षावहिनींसमोर म्हणालात, हिच्या हाताला यंत्र सोसत नाही. मला ते खरंच वाटलं. मी रिमोटला हात लावायचं सोडलं, शेजारणींना बोलवायचंही सोडलं.

पहाटेपासून ट्रक चालवून येता, दुपारची झोप मोडते, एवढं सांगितलं असतंत तर मी टीव्ही लावलाच नसता.

दोन्ही रिमोट टेबलावर ठेवलेत. ते परत करा आणि समोर धरायचा साधा आणा. तोवर मी यायची नाही. पुढे कधी टीव्ही बंद करायचा झाला, तर उठून बाहेर या आणि माझ्याकडे बघून बंद करा.

अनुसया