व्हर्गच्या डोक्याआतून

२ ऑक्टोबर १९६४, शुक्रवार

आज पृथ्वीवर उतरलो आणि थेट भिंतीवर आपटलो!

भिंत हलली. पृथ्वीची अख्खी पुठ्ठ्याची संरक्षण-कचेरी डुलायला लागली. कप्तानाने — म्हणजे बेझिल, आमचा नायक, केवळ हनुवटीच्या जोरावर पोट भरणारा माणूस — तिला खांद्याचा टेकू दिला आणि तो बोलत राहिला. मला वाटलं, आता थांबवतील. कसले थांबवतात! चित्रणाची टेप कापायची म्हटलं की वरच्या मंडळींच्या काळजालाच कात्री लागते. एकदा सुरू झालं की भाग संपेपर्यंत थांबायचं नाही. मग भिंत पडो नाहीतर नट.

व्हर्ग, म्हणजे या दूरदर्शन मालिकेतला परग्रहावरचा राक्षस, म्हणजे मी, सबंध रबराचा आहे. वजन वासराएवढं. डोकं वेगळं असतं, ते कपडेपटातली डॉट मानेशी बसवून देते. डोळ्यांच्या जागी दिवे आहेत, त्यामुळे मला जे दिसतं ते व्हर्गच्या तोंडातून, म्हणजे समोरच्याच्या पोटापुरतं. तालमीत मी पृथ्वीच्या अध्यक्षाऐवजी चहावाल्या बाईंना शरण यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी कप परत करा.

आणि एवढं करून आवाज माझा नाही! आवाज प्रॉसर नावाच्या एका वेल्श गृहस्थाचा. हा पडद्याआड खुर्चीत बसतो, अंगात विणलेलं स्वेटर, पुढ्यात माइक. तो बोलतो आणि यंत्रातून ते घोगरं होऊन बाहेर पडतं. मी आत बोंबललो तरी बाहेर चकार शब्द जात नाही. घाम माझा, गुरगुरणार तो. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

इथली एक रीत आज कळली. फार आवडली.

वाक्य चुकलं, अडखळलं, दार उघडलंच नाही — कशानेही टेप थांबत नाही. एकाच गोष्टीने थांबते. शिवीने! शिवी घराघरांत कशी ऐकवणार? ती गेली की थांबवून पुन्हा पहिल्यापासून घ्यावंच लागतं. म्हणून ज्याला आपलं काम बिघडलं असं वाटतं तो मोठ्याने एक शिवी हासडतो. गाडीची साखळी ओढावी तशी. बेझिलने आज दोनदा ओढली. दिग्दर्शिका मिस ऑर्मरॉड वरच्या काचेच्या खोलीतून खाली आल्या, त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि परत वर गेल्या. त्यांनाही सगळं ठाऊक आहे.

मला ही सोय नाही. मी आतून काहीही हासडलं तरी ऐकायला मीच.

प्रॉसरला सोय आहे, पण तो शिवी देत नाही! चॅपलवाला आहे, म्हणजे वेल्श लोकांच्या साध्या, कडक प्रार्थनाघरातला. दर रविवारी त्यांच्या चॅपलात पुढे उभा राहून सगळ्यांना स्तोत्राचा सूर लावून देतो. तरुणपणी कोळशाच्या खाणीत होता म्हणे, पण पायावर खोरं पडलं तरी 'अरेरे' म्हणेल असा माणूस. डॉट सांगत होती. मला तर सगळं ढोंगच वाटतं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज प्रॉसर शिंकला.

प्रसंग काय, तर व्हर्ग पृथ्वीला शेवटची ताकीद देतोय. मी दोन्ही पंजे वर केलेले. घोगरा आवाज घुमतोय — 'उद्या सूर्य मावळण्याआधी मी तुमची शहरं...' आणि फाट्कन शिंक! यंत्रातून ती शिंक अशी आली की छताचे दिवे हलले. आणि मग तोच भयानक आवाज म्हणाला, 'माफ करा.'

एक शिवी दिली असती तर सुटलो असतो. पण नाही! हे गृहस्थ साऱ्या मानवजातीची माफी मागून मोकळे. मी काय करणार? मान किंचित लववली. नट आहे मी. रीत सांभाळावी लागते.

टेप थांबली नाही. जाणार हे असंच.

३१ ऑक्टोबर, शनिवार

शिंकेचा भाग आज दूरदर्शनवर दाखवला. ऑड्री हसून हसून खुर्चीतून घसरली. लग्नाची बायको! मी म्हटलं, ती मान बघितलीस का, कशी लववली? ती म्हणाली, 'मान कुठली? रबराला मान असते होय?'

५ नोव्हेंबर, गुरुवार

पत्रांची पोती आलीत. लोक व्हर्गवर लट्टू झालेत! पृथ्वी बुडवायला निघालेला, पण शिंकल्यावर माफी मागतो — किती सभ्य, किती एकटा असेल बिचारा, त्याला मारू नका. लीड्सच्या एका बाईंनी त्याच्यासाठी मफलर विणून पाठवलाय. तो मफलर प्रॉसरला दिला. प्रॉसरला! माझ्या मानेचं माप घेऊन विणलेला, हे उघड दिसत होतं.

सगळे म्हणतात, आवाजामुळे. मी म्हणतो, मानेमुळे. माझं कोण ऐकतंय.

आईचंही पत्र आलंय, व्हिटबीहून. शेजारी जाऊन बघते ती. लिहिते, 'सगळं बघितलं, तू त्यातला नक्की कोण रे?' तिने मला रंगभूमीवर पाहिलंय ते नाताळच्या नाटकातल्या घोड्याचे मागचे पाय म्हणून. नंतर दाढीत. नंतर चिलखतात. सगळी उमर या धंद्यात गेली आणि माझा चेहरा कधी कुणाला दिसलाच नाही. एकदा तरी दिसावा. लिहितानाही लाज वाटते, पण फार वाटतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हर्ग मरणार नाही! पत्रांमुळे शेवट बदललाय. शेवटच्या भागात त्याला पश्चात्ताप होतो, तो स्वतःच्या हातांनी डोकं काढतो — आणि आत माणूस! शेकडो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून हरवलेल्यांचा वंशज. एक वाक्य बोलतो — 'मला घरी यायचं होतं' — आणि शेवट.

चेहरा! कॅमेरा अगदी जवळ!

मी मिस ऑर्मरॉडना गाठून म्हटलं, अर्थातच तो मी. त्या म्हणाल्या, 'बघू या, गारसाइड. प्रॉसरनेही विचारलंय.' 

त्या ढोंग्यानेही! म्हणे चॅपलातल्या लोकांचा विश्वास बसत नाही की हा खरंच दूरदर्शनवर आहे. मग आवाज ऐका म्हणावं! सगळं जग ऐकतंय ना?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

निकाल लागला. व्हर्गच्या कातड्याने लावला.

मिस ऑर्मरॉड म्हणाल्या, ज्याला रबर बसेल त्याचा चेहरा. प्रॉसरला चढवायला घेतलं. पाय गेले. मांड्या गेल्या. पोटाशी गाडं अडलं. डॉटने पावडर टाकली, बेझिलने मागून ढकललं, प्रॉसर श्वास रोखून छताकडे बघत राहिला आणि मग ना पुढे ना मागे. शेवटी त्याला आडवा करून दोघांनी पाय धरून ओढला. उठला, स्वेटर नीट केलं आणि मला म्हणाला, 'अभिनंदन, मिस्टर गारसाइड.' आवाज मात्र थंडगार.

मी आईला लगेच पत्र टाकलं. एकोणीस डिसेंबरला शेवटचा भाग बघ, म्हटलं, मग विचारावं लागणार नाही मी कोण ते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

प्रॉसर रुसलाय. त्याच्या बायकोने केलेल्या गोड चकत्या दर शुक्रवारी डब्यातून येतात, मनुका घातलेल्या. आज सगळ्यांपुढे डबा फिरवला. माझ्यापाशी आल्यावर झाकण लावलं! पन्नाशी उलटलेला माणूस, चॅपलात पुढे उभा राहणारा! मी पण असा नाही की मागेन. डॉटने अर्धी आणून दिली. चांगली होती, हे कबूल.

३ डिसेंबर, गुरुवार

तालमीला प्रॉसर आपणहून येऊन बोलला. उद्या शेवटच्या रेकॉर्डिंगला त्याने चॅपलच्या पाद्री एलिसना बोलावलंय. चेहरा नाही तर नाही, निदान त्यांनी डोळ्यांनी बघावं की हे काम तो करतो. वर, मिस ऑर्मरॉडच्या शेजारी बसवणार आहेत त्यांना. फार खुशीत होता. आज डब्याचं झाकण माझ्यासाठीही उघडलं.

मला वाक्य पाठ आहे. आरशापुढे शंभरदा म्हणून झालं. ऑड्री म्हणते, आता मलाच घरी जायचंय.

४ डिसेंबर, शुक्रवार

खूप उशीर झालाय. तरी लिहितो.

गेल्या आठवड्यात मारामारीत व्हर्गचं डोकं तिरपं झालं होतं. तसं होऊ नये म्हणून डॉटने आज मानेला थोडा गोंद लावला. 'अगदी थोडा, बाळा. ओढलंस की सुटेल.' नवा गोंद. दिव्यांच्या उष्णतेने तो असा धरला की काय सांगू!

शेवटचा प्रसंग आला. कॅमेरा सरकत जवळ आला. मी दोन्ही पंज्यांनी डोकं धरलं आणि उचललं. निघालंच नाही. पुन्हा ओढलं. मानेची कातडी निघते की काय असं झालं. आतून मला येत होत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या, नौदलात शिकलेल्यासुद्धा. ऐकणार कोण? वर काचेआड सगळ्यांना वाटलं, वा, काय तडफड दाखवतोय गारसाइड!

आता शिवी द्यायची ती बेझिलने. पण त्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती. तो एक पाऊल पुढे आला, माझ्या रबरी थोबाडाकडे, त्या दिव्यांच्या डोळ्यांकडे रोखून बघत गहिवरून म्हणाला — 'अरे देवा... हा तर माणूस आहे!'

संपलं, असं मला वाटलं. खरोखर डोळ्यांत पाणी आलं. आई शेजाऱ्यांच्या घरात बसून विचारणार, तू नक्की कोण रे. आणि टेप चाललीये.

आणि तेवढ्यात व्हर्ग बोलला.

एकच शब्द. पण काय शब्द! नौदलात मी तो ऐकला नव्हता. खाणीच्या तळाशीच सापडत असावा. सावकाश, स्पष्ट, यंत्रातून घुमत आला, भिंती हलवत. मग, कुणाच्या कानावरून गेला असेल तर राहायला नको म्हणून, पुन्हा एकदा.

टेप थांबली.

डॉट कात्री घेऊन धावली, मान कापली, डोकं निघालं. माझी डावी भुवई त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्यांदा घेतलं. डोकं काढलं, लालबुंद, घामाघूम, एका भुवईचा, वाक्य बोललो. 'मला घरी यायचं होतं.' डॉट रडली. मी चांगला होतो. आयुष्यात एकदा मी चांगला होतो.

मग पडद्यामागे गेलो. प्रॉसर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. पाद्री एलिस टोपी घेऊन निघून गेले होते.

मी म्हटलं, 'अहो प्रॉसर, हे काय केलंत?'

'दुसरं कोण देणार होतं?' तो म्हणाला. 'तुम्ही आत ओढत होता. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं.'

५ डिसेंबर, शनिवार

डॉटने निरोप आणला. रविवारी प्रार्थनेआधी चॅपलची ज्येष्ठ मंडळी बसणार आहेत. प्रॉसरला पुढे उभं राहू देणार नाहीत. सूर लावायचं काम काढून घेणार. त्याच्या आधी त्याचे वडील ते करायचे. त्याने खुलासा करायला साफ नकार दिलाय. म्हणतो, शब्द मीच बोललो, खोटं कसं सांगू?

बरोबर आहे. त्याला खोटं बोलता येत नाही.

ऑड्रीने पेन्सिलने माझी भुवई काढून बघितली. मी पुसून टाकली.

६ डिसेंबर, रविवार

चॅपलात गेलो. पाद्री एलिस दारातच होते. म्हटलं, परवाचा तो शब्द माझा. मी होतो आत, डोकं अडकलं, ओरडलो. वरच्या माइकने उचललं. प्रॉसर मला वाचवायला गप्प बसलाय. त्याच्या तोंडून असलं काही निघेल असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. सोललेली मान, एक भुवई.

'आता पटलं,' ते म्हणाले. 'चेहऱ्यावरूनच कळतं.'

मी मागच्या बाकावर बसलो. पुढे प्रॉसर उभा राहिला आणि त्याने सूर लावला.