तळ्याचा गाळ तळ्यातच

खांदशेकणीचा दिवस, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. उद्या पोळा, म्हणून बैल धुवाले गावतळ्यात नेला, तर गुडघ्यापर्यंत गाळात फसला. चौघांनी ओढला तवा निघाला. उन्हाळ्यातच तर गाळ उपसला होता! पण टाकला कुठं? तळ्याच्याच काठावर, नालीच्या तोंडाशी. मी तवाच म्हटलं होतं, वावरात नेऊन टाका. कोण ऐकते? रस्त्यावरचं पावसाचं पाणी नालीनं आलं अन् सारा ढीग परत तळ्यात घेऊन गेलं.

सरपंच म्हणते, "आम्ही तं काढला होता नं भाऊ. पाण्यानं परत नेला, त्याले मी काय करू?"

काय करू म्हणे!

बैलाचे पाय मी धुतलेच नाही. उद्या तोरणाखाली बैलाचे पाय धुवून पूजा कराले सरपंचच येतीन. हा गुडघाभर गाळ त्यायच्याच हातानं धुवू दे.