मामांची पित्ताची गोळी

४ जून

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. फोनवर आपण दोघेही ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतो, म्हणून हे पत्र. इकडे काम तेच. औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं आमच्या छापखान्यात छापतात आणि मी त्यांच्या घड्या तपासतो. यंत्राची खडखड घरी आलो तरी कानातून उतरत नाही. जेवून भिंतीला टेकतो, तो तसाच झोपतो.

या आठवड्यात तुमच्या पित्ताच्या गोळीचं पत्रक आलं. नाव अक्षर न् अक्षर पडताळून पाहिलं, तीच गोळी. वर्षानुवर्षं घेतली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, पायांत गोळे येऊ शकतात. तुम्ही तर मी शाळा सोडली तेव्हापासून घेताय. दिवसभर उभं राहून दाढ्या करणाऱ्या माणसाचं हाड मोडलं तर पुढे काय? मला तुमच्याशिवाय कोण आहे? माझं ऐका, गोळी बंद करा. जळजळलं तर थंड दूध घ्या.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावर आहे तेवढी माया राहू द्या.

आपला भाचा

१५ जून

चि. कानामात्रा यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नव्हतं, तेव्हा मजकूरही बरोबरच असणार असं धरून त्याच दिवशी गोळी बंद केली. घरात वाचणारा तू एकटा, बाकी आम्ही सगळे कात्रीवाले.

पहिले काही दिवस बरे गेले. आता गिऱ्हाइकावर वाकलं की घशाशी आंबट येतं. आडवं होता येत नाही, बसूनच डोळा लागतो. दूध घेतलं की घटकाभर बरं, मग दुप्पट. तुझ्या शाळेतले मास्तर परवा म्हणाले की दाढी त्यांची चालली आहे आणि सुस्कारे मी टाकतोय, तेव्हा पैसे मीच त्यांना द्यावेत. पोटही दुखतं. दमायला फार होतं रे, कात्रीसुद्धा जड वाटते. पण हाडं शाबूत आहेत, तू घोर लावून घेऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

मामा

१९ जून

तीर्थरूप मामांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून दुकानात फोन केला, तर शेजारच्या इस्त्रीवाल्याने उचलला. तुम्हाला रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात ठेवलं आहे, आता धोका नाही, आणि भाच्याला कळवू नका असं तुम्ही बजावलं आहे, एवढं सगळं त्याने एका दमात सांगितलं.

माझ्या हातात पत्रक येतं ते दुष्परिणामांची बाजू वर करून. दुसरी बाजू घडीत जाते. काल ती उलटून वाचली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी अचानक बंद करू नये, असं तिथे स्वच्छ छापलं आहे. रोज हजारो कागद माझ्या हातांखालून जातात. मला जेवण जात नाही, मामा.

तिथेच असंही लिहिलं आहे की अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात जखम होऊ नये म्हणूनही ही गोळी देतात. तुम्ही तसलं काही घेत नाही ना? मुकादमांनी शनिवारची रजा दिली आहे. तोवर रागावला असाल तरी दोन ओळी पाठवा.

आपला भाचा

२२ जून

चि. कानामात्रा यास आशीर्वाद.

इस्त्रीवाल्याच्या पोटात काही राहत नाही. माझ्याही राहिलं नाही म्हणा. मास्तरांची अर्धी दाढी झाली होती तेवढ्यात मला भोवळ आली आणि उलटी झाली. त्यांनीच तोंडाला फेस तसाच ठेवून मला इथे आणलं. दारातल्या नर्सने आधी त्यांनाच खाटेवर निजवलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा सांगावंच लागलं. मी गुडघ्यांसाठी रोज गोळी घेतो. ती पोट कुरतडते, म्हणून जुन्या डॉक्टरांनी ही दुसरी जोडीला दिली होती. तुला फक्त पित्ताचं सांगितलं, कारण तू रात्ररात्र जागला असतास. पत्रक तू अर्धं वाचलंस आणि दुखणं मी अर्धं सांगितलं.

तुझं हाडांचं आणि ब-१२चं बोलणं बाईंच्या कानावर घातलं. त्या हसल्या नाहीत. रक्त तपासलं, तर ब-१२ खरंच कमी निघालं, आता त्याची इंजेक्शनं चालू आहेत. पित्ताची गोळी चालूच राहील, पण किती आणि कधीपर्यंत ते त्या बघणार. गुडघ्यांची मात्र बंद केली.

शनिवारी ये. बरा झालो तरी तुला घ्यायला स्टेशनवर येणार नाही. दर खेपेला दुकानात गर्दी आहे असं सांगत आलो. गर्दी कधीच नसते. स्टेशनचा जिना उतरवत नाही. गुडघे दुखतात रे, दोन्ही, फार दुखतात.

जपून ये. वाट पाहतो.

मामा