नायकाचे सदरे कोण धुतं?

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला बसलो होतो, पण आठपैकी सहा अंगं ठणकत असल्यामुळे उरलेल्या दोन अंगांनी केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? ऐकू येण्याचं यंत्र लावतेस ना? (मी आलो की काढून ठेवतेस, असं आईकडून कळलं. मी मनावर घेतलेलं नाही.)

मी ऐतिहासिक कादंबरी लिहितोय, हे तू सात वर्षं ऐकते आहेस. शंभर वर्षांपूर्वीचा एकोणीस वर्षांचा तरुण घर सोडतो, परक्या शहरात खोली घेतो आणि कुणाचाही मिंधा न होता जगतो. माझ्या साऱ्या व्याख्यानांचं सार त्यात आहे. संपादिकाबाईंनी हस्तलिखित परत पाठवलं. म्हणाल्या, "तुमचा नायक तीन महिन्यांत अकरा भाषणं करतो, पण सदरा एकदाही धूत नाही. कोण धुतं तो? महिनाअखेरीला सांगा, नाहीतर पुस्तक विसरा." मी त्यांना पाऊण तास उत्तर दिलं. त्यांनी फोन कधी ठेवला ते कळलं नाही.

ग्रंथालयात क्रांत्यांचे सतरा इतिहास चाळले. एकाही क्रांतीत धुणं नाही. शेवटी ठरवलं, स्वतः जगून बघायचं. भाड्याच्या खोल्यांचं एक जुनं घर सापडलं. मालकीणबाईंच्या आजीने सुरू केलेलं, नियम अजून तिचेच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी, एक बादली आणि अंगावरचा एकुलता एक पांढरा सदरा घेऊन मी तिथे दाखल झालो.

पहिल्या सकाळी सदरा भिजत घातला, चादर गुंडाळली आणि नायकासारखं खाटेवर पडून स्वातंत्र्याचं चिंतन सुरू केलं (प्रकरण पहिलं, पानं बारा). तेवढ्यात बेकरीतली रात्रपाळी संपवून एक तरणा गडी आला आणि सरळ माझ्या शेजारी आडवा झाला. तक्रार केली, तर मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही अर्धीच खाट घेतलीत. रात्री तुमची, दिवसा त्याची. आजीच्या वेळेपासून असंच आहे." म्हणजे माझ्या नायकाला दिवसा पाठ टेकायची सोयच नव्हती. बारा पानं पाण्यात गेली. मी त्या गड्याला मालकी आणि स्वातंत्र्य यांचा संबंध समजावू लागलो, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "काका, स्वातंत्र्य संध्याकाळी सांगा ना. आत्ता पाय काढा."

संध्याकाळी मात्र तो बेकरीतल्या आणखी पाच जणांना घेऊन ऐकायला बसला. मी परावलंबनावर तुटून पडलो. टाळ्या पडल्या. मग कळलं की इथे एकट्याने कुणीच जगत नाही. स्वयंपाक, झाडलोट, धुणं, सगळ्याच्या पाळ्या लावलेल्या, आणि धुण्याची पाळी नव्या माणसापासून सुरू होते. संपादिकाबाईंचा प्रश्न सुटला: सदरे नायकच धुतो, स्वतःचा आणि वर सहा जणांचे.

सातही पांढरेशुभ्र. बादलीत जागा उरली होती (मी कुठल्याही कामात हात राखत नाही), म्हणून सत्कारात मिळालेली लाल शालही त्यातच टाकली. आता सातही सदरे गुलाबी झालेत. बेकरीच्या मुकादमाने बजावलंय, सोमवारी पांढऱ्या कपड्यांत आला नाहीत तर कामावर येऊ नका. कालपर्यंत ते सहा जण मला काका म्हणायचे. आज "अहो भाषणवाले" म्हणतात.

तरी मी खचलेलो नाही. आपलं ओझं आपणच वाहावं, हे मी याच आठवड्यात दोन सभांत ठणकावून सांगितलं (दुसऱ्या सभेत चादरीत).

तुझा स्वावलंबी भाचा

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या बेकरीच्या गाडीवाल्याकडे एक गाठोडं आहे. उघडल्यावर घाबरू नकोस. रविवारी संध्याकाळी तो ते परत न्यायला येईल, तोवर आतलं सगळं पांढरं झालेलं असावं. माझा सदरा आधी घ्यावास, मला दुसरा नाही.

आणखी एक ता. क. मालकीणबाई सांगतात की आजीच्या वेळीही स्वतंत्र राहणारी तरुण मंडळी धुणं गाठोड्यात बांधून घरीच पाठवत. असा अस्सल पुरावा हाती आल्यावर मी तिसरं प्रकरण नव्याने लिहून काढलं. त्यात नायकाची आत्या आली आहे. ती एक शब्दही न बोलता सदरे धुते. तूही, कृपा करून, तसंच करावंस.