फोडणीआधीचं ताट

अप्पा, आज बुलबुलानं वाटाणा नेला! स्वतः खाल्ला नाही, नेला. सीताफळाच्या फांदीवर त्याचं पिल्लू चोच वासून बसलं होतं. त्याच्या घशात वाटाणा कोंबला आणि गडी दुसरा न्यायला परत आला. मी ऑफिसला निघाले होते, एका पायात चप्पल, आणि तशीच परसात उभी. आई आतून ओरडतेय, "अगं, बस जाईल की तुझी!" जाऊ दे. हे ऐकून माझ्याइतकंच हरखून जाईल असं तुमच्याशिवाय कुणी आठवेना. म्हणून सरळ अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लिहायला बसले.

पुंडलिकनगरच्या या घरामागं चार हात जागा आहे, तिथं मी सहा महिने रोज ताट ठेवतेय. तुमचंच ताट आहे ते. तुम्ही स्वयंपाकाला होतात त्या होस्टेलच्या मेसवर सुट्टीत मला घेऊन जायचात, तेव्हा पाहिलेलं. चिरलेल्या भाजीची परात कढईजवळ आली की तुम्ही आधी एक मूठ बाजूला काढायचात. "तेलमीठ पडलं की ते आपलं. त्येच्या आधी त्यांचं." मग गाजर किसायचं, वाटाणे नुसत्या पाण्यात मऊ करून गार करायचे, काकडीचे नखाएवढे तुकडे. कांदा-लसूण नाही, हिरवट किंवा मोड आलेला बटाटा तर मुळीच नाही. एकदा मी कोथिंबिरीची जुडी तशीच ताटात ठेवायला निघाले, तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, "थांब! फवारा मारल्याली असती ती. दोनदा धू!" तासाभरात ताट उचलून घासायचं, कारण आपल्या उन्हात भाजी आंबायला वेळ लागत नाही. पोळ्या लाटणाऱ्या मावशी चिडवायच्या, "अप्पा, पाखरांनी बी मेस लावली काय तुमच्याकडं?" तुम्ही म्हणायचात, "व्हय, आन् तुमच्या पोळ्यांवर येत्यात तशा त्यांच्या तक्रारी नसत्यात." असं बोलताना तुम्ही इतके खूश दिसायचात, की घरी तुम्ही कमी हसता हे मला तिथंच कळलं.

मग ती सकाळ. ताटावर रोज येणारी साळुंकी शेजारी आडवी पडलीय, पाय वर. तुम्ही पदर खोचल्यासारखा खांद्यावरचा पंचा कमरेला बांधून खाली बसलात, ताटातली एकेक फोड उचलून पाहिलीत, वास घेतलात. "हिरवा बटाटा गेला आसंल. माझीच नजर चुकली." दुसऱ्या दिवसापासून ताट बंद. रिटायर होईपर्यंत बंद. घरी मी कधी दाणे टाकायला लागले की म्हणायचात, "नको बाई, आपल्याला ते नीट जमत नाय."

अप्पा, बटाटा नव्हताच. तुम्ही बाहेर यायच्या आधी मी तिला माझ्या वाटची शेव दिली होती, खारी, मूठभर, वर कालच्या भज्यांचा चुरा. ती माझ्या अगदी पायाशी यायला लागली होती. माझ्या हातातलं तिला तुमच्यापेक्षा जास्त आवडावं असं मला वाटत होतं. मी आठ-नऊ वर्षांची होते, भ्याले, गप्प बसले. पण पुढं मोठी झाले तरी गप्पच होते, त्याला काय म्हणायचं?

ताट सुरू करण्याआधी पडेगावकडं एक पाखरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं गेले. तुमचे नियम आठवतील तसे कागदावर लिहून नेले होते. त्यांनी वाचले आणि विचारलं, "कुणी शिकवलं हो तुम्हाला? सगळं बरोबर आहे." मी खुर्चीतून उठलेच! तुम्हाला जमत होतं, अप्पा. चांगलं जमत होतं. एवढंच सांगितलं त्यांनी, की थोडंच ठेवा, पाखरांना त्यांचं त्यांचं किडामुंगी शोधू द्या. मग मी साळुंकीचं विचारलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी कशानं मेली ते कोण सांगणार, पण एवढ्याशा जिवाला खारट-तळलेलं वाईटच. मी परत येताना रिक्षात रडले, आणि घरी येऊन लगेच गाजर किसायला घेतलं.

आता पिल्लू खालच्या फांदीवर उतरलंय. शेपटीखालचा लाल रंग अजून फिका आहे. आई खुर्ची घेऊन दारात बसलीय आणि मला खुणेनं गप्प करतेय, जणू मी मोठ्यानं लिहितेय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. शेवटच्या आठवड्यात तुम्ही खिडकीजवळ पलंगावर होतात, आई औषधं आणायला गेली होती. तुम्ही एकदम डोळे उघडून विचारलंत, "त्या साळुंकीला बटाटा माझ्याच हातनं गेला व्हता ना गं?" सांगायला तेवढी एक दुपार मिळाली होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, "व्हय, अप्पा."