कहूवरची घोंगडी

सौंदड, पूस महिना, १९४९

चिरंजीव केवळरामले बापाचा आशीर्वाद.

चिरंजीव लिहून गेलो. आता खोडत नाही.

तू फौजेतून पुसलं होतं, इकडची माती आपल्या कन्हार जमिनीसारखी चिकट आहे, वरून बर्फ पडते, तर मेलेल्या सोबत्याच्या जागी कोणतं झाड लावू? मी जवाब लिहून राहिलो होतो, तेवढ्यात तूच गेल्याची तार आली.

तरी आयक. तिथं आपल्या मनानं उगवून जे झाड तगलं, त्याचंच रोप घे. खोल खड्डा खणू नको. चिकट मातीत पाणी साचते अन् मुळं सडतात. मातीचा उंचवटा करून त्यावर लाव.

तुझं मढं काही आलं नाही. लोक म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा. तुझी माय अडून बसली, "पानं जाळून माह्या पोराले कायले मारता?" तिनं धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उंचवटा केला, अन् कहूचं रोप लावलं. रोज सांजेले ती त्याले तुझी घोंगडी पांघरते.

माले राग येते. झाडाले कायची थंडी? काल सकाळी घोंगडी ओढून आणाले गेलो. वरून ती दवानं ओली, गारठली होती. आत हात घातला, तर कोणी आत्ताच अंथरुणातून उठून गेल्यासारखी ऊब होती.

मी ती पुन्हा त्याले नीट पांघरली. तुझ्या मायले सांगतलं नाही. आज माही घोंगडीबी घेऊन जाऊन राहिलो.

तुझा बाप,
बकाराम