विजेच्या लॉरीची सैल बॉडी

नेकारसुल्म, ऑक्टोबर २००७

उल्हासदादा,

तुला मेलवर एका जुन्या लॉरीचा फोटो पाठवला होता. शंभर वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणाऱ्या लॉऱ्या आणि त्यांच्या लाकडी बॉड्या बांधणाऱ्या इथल्या एका कारखान्याचा इतिहास मी लिहीत होते. बॉडी चॅसीवर घट्ट न आवळता मध्ये चामड्याच्या पट्ट्या का घातल्यात, हे कागदपत्रांत कुठेच नव्हतं. तू फोनवर हसलास. "बॅटरीच्या वजनानं चॅसी पिळते गं. बॉडी आवळली तर सांधे फुटतील. इंजिनिअरबाई, कॉलेजात काय शिकवलं?"

तेच मी लिहिलं. ती लॉरी ठेवलेल्या संग्रहालयातले म्हातारे मिस्त्री, हेर क्रेमर, वाचून "गेनाऊ!" म्हणाले, म्हणजे "अगदी बरोबर!" हे कुणी सांगितलं, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझं मीच शोधलं."

लहानपणी आपल्या ट्रकबॉडीच्या शेडमध्ये बाबांनी तुझ्या हातात रंधा दिला आणि मला म्हणाले, "तू अभ्यास कर." सगळ्यांना वाटतं, मला जास्त मिळालं. मला मात्र तुझे हात हवे होते. अजूनही हवेत. म्हणून तुझं नाव घेतलं नाही.

आता सोमवारी त्या पट्ट्या बदलायच्या आहेत, आणि क्रेमरनी मलाच बोलावलंय. मला त्या बसवता येत नाहीत. तुला फोन केला, तर कशाला हवंय हे न विचारता तू सगळं सांगशील. त्याचाच जास्त राग येतो.

जिच्या डिग्रीचे पेढे तू गावभर वाटलेस, ती
ऊर्मिला